एका प्रश्नाचे ‘नाही’

एकदा एक गूळव्यापारी, मन्मथप्पा, जगण्याची उमेद जवळजवळ सोडून एका वृद्ध हृदयतज्ज्ञांसमोर बसले होते. बाजारातल्या सौद्यात बोली पुकारावी ती अप्पांनीच, अशी त्यांची ख्याती. परंतु गेली अनेक वर्षे त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. कधी घाईने, कधी अडखळत. विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणले, तरी पुन्हा विस्कटले. अर्ध्या बोलीतच धाप लागू लागली, तसे त्यांनी बाजारात जाणेच सोडले.

तज्ज्ञांची शिष्या शर्वरी हिने त्यांना पूर्वी तपासले होते आणि प्रामाणिकपणे सांगितले होते, “आजार जुना झालाय, अप्पा. ठोके पुन्हा नियमित होतील असं मला वाटत नाही.”

आता काहीच उपाय उरला नाही, असा अर्थ अप्पांनी घेतला. घरी जाऊन त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या, रक्त पातळ ठेवणारीसुद्धा. पुढे एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा पेला गळला आणि जीभ जड झाली. पत्नी गिरिजाबाईंनी तडक इस्पितळ गाठले. सुदैवाने हात आणि वाचा दोन्ही लवकरच पूर्ववत झाली. त्यानंतरची ही भेट.

शर्वरीने हृदयाचा आलेख पुढे केला. गुरूंनी तो पाहिला आणि टेबलावर पालथा घातला. तिला नवल वाटले.

“अप्पा,” गुरू म्हणाले, “तुम्हाला काय करावंसं वाटतं, जे आता होत नाही?”

अप्पा म्हणाले, “उभ्यानं एक बोली पुरी करायची आहे. दुसरं काही नाही.”

“आणि झोपेत घोरतात, मध्येच श्वास थांबतो, ते सांगा की,” गिरिजाबाई म्हणाल्या.

गुरूंनी आधी रक्त पातळ ठेवणारे औषध पुन्हा सुरू केले. ते का सोडायचे नाही, हे अप्पांकडून दोनदा वदवून घेतले. मग ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी दिली, रक्तदाबाची बदलली, झोपेतल्या श्वासाची तपासणी करवली. हृदयात बारीक तार नेऊन बिघडलेल्या जागा निकामी करण्याचा उपायही समजावला: जुन्या आजारात यशाची खात्री कमी, कधी पुन्हाही करावा लागतो, तरी दार बंद नाही. “घाई नको. आधी दम किती सुधारतो ते बघू.”

काही महिन्यांनी अप्पा गिरिजाबाईंसोबत चालत आले. आदल्या दिवशी त्यांनी सौदा पुकारला होता, बसावे न लागता. शर्वरीने नवा आलेख काढला. वेग उतरला होता, परंतु ठोके पूर्वीसारखेच अनियमित.

“सर, माझं निदान तर बरोबर होतं,” ती अप्पा गेल्यावर म्हणाली. “मग चुकलं काय?”

“ठोके नियमित होतील का, या एका प्रश्नाला तू ‘नाही’ म्हणालीस,” गुरू म्हणाले. “ते खरंच होतं. पण दम सुधारेल का, पक्षाघाताचा झटका टळेल का, बाजारात उभं राहता येईल का, हे तू विचारलंच नाहीस. त्या माणसानं तुझं एक ‘नाही’ सगळ्या प्रश्नांना लावलं. निरोप कुठवर पोचतो, हेही वैद्यानं बघावं लागतं.”

 शर्वरी उठून बाहेर गेली. औषधांच्या खिडकीशी उभ्या असलेल्या अप्पांना तिने बाकावर बसवले आणि स्वतःही शेजारी बसली.

“अप्पा, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. अजून काही विचारायचंय तुम्हाला?”

अप्पांनी पत्नीकडे पाहिले, मग तिच्याकडे. “त्या तारेचं जरा नीट सांगा, बाई. आता ऐकायला हरकत नाही.”