पंखाखालची फट

ही गोष्ट फार पूर्वीची म्हणावी, तर तेव्हा प्लॅस्टिक कुठलं? आणि काल-परवाची म्हणावी, तर असं गाव आता शोधून सापडायचं नाही. तेव्हा मधल्याच कधीतरीची समजा. उंच डोंगराच्या सपाट माथ्यावर ढगमाथा नावाचं एक गाव होतं. सकाळी दार उघडलं की ढग उंबऱ्याला टेकलेले असायचे. बायका सडा घालायच्या आधी अंगणातले ढग केरसुणीने बाजूला सारायच्या.

या गावाचा धंदा एकच, विमानं जोडायची. खरी नव्हेत हो! प्लॅस्टिकची, हातभर. खालच्या मुलखातून खोकी यायची. खोक्यात चौकटींना लटकलेले सुटे भाग असायचे. अंगाचे दोन अर्धे, पंख, शेपटी, चाकं, काचेचं टोपण, आणि आत बसवायला बोटाच्या पेराएवढा एक वैमानिक. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे.

आणि ती विमानं उडायची. इंजिन नाही, दोरी नाही, काही नाही. दर चैत्रात गावावर सुरवारा यायचा. तीन दिवस तो दरीपलीकडच्या पैलगावाकडे वाहायचा आणि चौथ्या दिवशी मागे फिरायचा. त्या वाऱ्यात विमान धरलं की वारा त्याच्या नाकातून आत शिरायचा, पोकळ अंगातून फिरायचा, आणि विमान गुणगुणायला लागायचं. सांधे नीट बसलेले असले तर असा खोल, मऊ सूर लागायचा की ऐकणाऱ्याच्या पापण्या जड व्हायच्या.

म्हणून एक रीत पडली होती. पैलगावात दिलेल्या लेकीला बाळ झालं, की आजोळहून विमान जायचं. ते पाळण्यावर घिरट्या घालत गुणगुणायचं, आणि बाळ झोपायचं. वारा फिरला की विमान परत यायचं, पण बाळाला लागलेली झोपेची सवय राहायची. विमान सोडताना मात्र 'जा' म्हणायचं नाही. 'ये' म्हणायचं. तसं न म्हणता सोडलेलं विमान परत येत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची.

गावात हरबाजी नावाचा कारागीर होता. हात असा, की त्याने लावलेला सांधा नखाला लागायचा नाही. बाकीचे लोक भाग नुसते लावून बघायचे, काढायचे, पुन्हा लावून बघायचे, मग कुठे चिकटवायचे. हरबाजी म्हणायचा, "मला नाही लागत असली चाचपणी. मी एकदा बसवलं की बसवलं." आणि खरंच, चाळीस वर्षांत त्याला कधी लागली नव्हती. त्यामुळे मान जरा ताठच होती.

त्याची एकुलती लेक मैना. तीन वर्षांपूर्वी तिने पैलगावातल्या घंटा ओतणाऱ्या एका पोराशी लग्न ठरवलं, आपलं आपण. हरबाजीला ते मुळीच रुचलं नाही. निघायच्या दिवशी मैना पायरीवर थांबून म्हणाली, "बाबा, येते." हरबाजी दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. तो 'ये' म्हणाला नाही. मैना थोडा वेळ थांबली आणि ढगात उतरत गेली. तेव्हापासून ना इकडून निरोप, ना तिकडून.

यंदा फाल्गुन सरता सरता बांगड्या विकणारी कासारीण डोंगर चढून आली. हरबाजीच्या ओसरीवर टेकली, पाणी प्यायली, आणि हळूच म्हणाली, "मैनाने निरोप दिलेला नाही हं, मी आपली माझ्या मनाने सांगते. मुलगी झालीय तिला. सव्वा महिन्याची आहे. पण पोर झोपतच नाही हो! मैना मांडीवर घेऊन बसलेली असते. तिच्याही डोळ्याला डोळा लागत नाही. निम्मी झालीय."

हरबाजी ओसरीवरून उठला तो थेट कामाच्या खोलीत गेला. "बोलावल्याशिवाय मी काही जायचा नाही," तो भिंतीला म्हणाला. "पण विमान जाईल. नातीचं विमान आहे, रीत आहे." सुरवारा यायला बारा दिवस होते. यंदाचा वारा चुकला तर थेट पुढच्या चैत्रापर्यंत थांबायचं. आणि तोवर ते लेकरू आणि त्याची आई?

त्याने सगळ्यात चांगलं खोकं उघडलं. वैमानिक हाती लागला, बारीकसा, हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला. "हा कोण उपटसुंभ?" हरबाजी म्हणाला आणि त्याने तो भंगाराच्या डब्यात टाकला. मग उरलेल्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन तीन दिवस खपून त्याने नवा वैमानिक कोरला. डोक्याला मुंडासं, झुपकेदार मिशा, छाती पुढे, दोन्ही हात कमरेवर. हुबेहूब हरबाजी! नातीने काचेतून डोकावलं, की आजोबा दिसायला हवेत ना. त्याने तो आत घट्ट चिकटवला, वर अंगाचे दोन अर्धे दाबून मिटवले, आणि पंख लावायला घेतले.

पंख बसेनात.

खाचेत जात होते, पण तिरके. वरून टेकले की खालून फट. फट केवढी, तर त्यात नख जावं एवढी. हरबाजीने कपाळाला आठ्या घातल्या. पंखाचं बूड कानशीने घासलं. फट वाढली. दुसरीकडून घासलं. आता दोन फटी झाल्या. "साचाच वाकडा आहे मेल्यांचा," तो करवादला. "हल्ली कामं कुठे नीट करतात लोक!" मग त्याने रबरबँड आवळून, दाबून-दडपून पंख चिकटवले. दुपारी उन्हाचा कवडसा पडला, आणि कट् करून पोटाखालचा सांधा आपोआप उकलला.

असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. म्हणून त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. सुतार लाकडाच्या भेगेत भरतात तशी लांबी त्याने फटीत भरली, सुकल्यावर घासून गुळगुळीत केली आणि वर रंग चढवला. सकाळच्या ढगासारखा पांढरा, कडेने केशरी. विमान असं देखणं झालं की शेजारीपाजारी ओसरीवर येऊन बघत राहिले. "वा हरबाजी, हात आहे बुवा!" म्हणाले. हरबाजी हसला, पण त्याची नजर त्या पंखाखालीच जात होती.

सुरवाऱ्याचा पहिला दिवस उजाडला. सारा गाव कड्यावर जमला. खाली ढग संथ वाहत होते आणि एकेक विमान गुणगुणत त्यांच्यावरून निघालं होतं. कडेवरची पोरं पेंगत होती, म्हातारे उभ्या उभ्या डुलत होते. हरबाजीने आपलं विमान वाऱ्यात धरलं.

अगं बाई! काय ती शीळ! लांबीला तडा जाऊन वारा फटीतून घुसला आणि विमान असं किंचाळलं, की पेंगणारी सगळी पोरं एकदम दचकून रडायला लागली. कुत्री भुंकली. एक म्हातारा तर खाली बसला. हरबाजीने विमान छातीशी धरलं आणि मान खाली घालून तो घरी आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

थोड्या वेळाने शेजारची शेवंताक्का आली. ती गावाची शिंपीण. गळ्यात मोजायची फीत, पदराला टोचलेल्या सुया. तिने विमान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हरबाजी, आधी कच्चा टाका घालून बघितला होता का?"

"अहो शेवंताक्का, हे विमान आहे, पोलकं नव्हे."

"एकावर एक बसायचं म्हटलं की सगळं पोलकंच," शेवंताक्का म्हणाली. "आणि काय हो, पंखाखाली फट दिसली म्हणून तुम्ही पंखच घासत बसलात? काखेत चुणी पडली म्हणून मी काख कापते का? आधी खांदा बघते, गळा बघते. ओढ भलतीकडेच असते. उसवा हे."

"उसवू? एवढं रंगवलेलं?"

"मग तसंच पाठवा. पोचेल की."

पोचलं असतं हो, नक्की पोचलं असतं. हरबाजी विमान मांडीवर घेऊन बसून राहिला. लोक म्हणाले असते, आजोबाने रीत पाळली, विमान पाठवलं. पण त्याच्या कानात कड्यावरची ती रडणारी पोरं होती. आधीच न झोपणारं लेकरू, आणि त्याच्या पाळण्यावर ही शीळ? त्याने डोळे मिटले, पातं उचललं, आणि केशरी रंगावरून सरळ फिरवलं.

दुसरा दिवस उसवण्यातच गेला. लांबी खरवडली, पंख सुटे केले, अंगाचे दोन अर्धे उघडले. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा हरबाजीने डिंक दूर ठेवला आणि चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून विमान नुसतं जुळवून पाहिलं. अर्धे मिटेनात. आतली फळी काढली, तरी मिटेनात. वैमानिकासमोरची घड्याळांची पट्टी काढली, तरी मिटेनात.

"आता आत काय राहिलं?" शेवंताक्काने विचारलं.

"काही नाही. हा एवढा वैमानिक."

"मग तो काढा."

"त्याचं काही नाही हो. तो चांगला बसलाय."

"हरबाजी, काढा."

हरबाजीने पात्याच्या टोकाने त्याला हलकेच सोडवला. दोन अर्धे पुन्हा एकमेकांजवळ आणले. टक्! मिटले. पंख खाचेत ठेवले, ते हात सोडताच आपोआप जागेवर बसले. खाली फट नाही, वर फट नाही. साचा बिचारा पहिल्यापासून सरळच होता.

हरबाजीने तळहातावरच्या इवल्या हरबाजीकडे पाहिलं. मुंडासं, मिशा, पुढे काढलेली छाती. आणि कमरेवरच्या हातांची ती दोन कोपरं, दोन्ही बाजूंना खुपसून बसलेली. तीच विमानाच्या भिंती आतून रेटत होती. बघता बघता त्याला आपलं दार आठवलं, पायरी आठवली, आणि 'बाबा, येते' म्हणून थांबलेली मैना आठवली. त्या दिवशी तो अस्साच उभा होता. दार अख्खं अडवून. त्याला फार वाईट वाटलं. म्हातारा माणूस, पण हुंदका काही आवरेना.

शेवंताक्काने भंगाराच्या डब्यातून खोक्यातला वैमानिक शोधून काढला आणि त्याच्यापुढे धरला.

हरबाजीने डोळे पुसले. "नको. आजोळचं विमान आहे, आजोबानेच जायला हवं."

"जा की. पण जरा अंग आवरून."

मग त्याने इवल्या हरबाजीचे दोन्ही हात खांद्यापासून कापले, कोपरात सरळ केले आणि पुन्हा लावले. आता ते पुढे होते, तळवे वर. कुणी बाळ द्यावं आणि आपण घ्यावं, तसे. त्याला आत बसवला आणि आधी चिकटपट्टीने जुळवून पाहिलं. जागा पुरून उरली. मगच डिंक लावला.

तिसरा दिवस, शेवटचा वारा. रंगवायला सवडच नव्हती. राखाडी अंग, मधोमध सांध्याची रेघ, जागोजागी खरवडल्याच्या खुणा, असं ते विमान घेऊन हरबाजी कड्यावर गेला. त्याला येताना बघून आयांनी घाईघाईने पोरांचे कान झाकले. त्याने विमान वाऱ्यात धरलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पायाखालच्या दगडातून यावा तसा एक सूर आला. खोल, मऊ, उबदार. आयांचे हात पोरांच्या कानांवरून गळून पडले. पोरं झोपली. कुत्री झोपली. खालचे ढगसुद्धा वाहायचे थांबले. हरबाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ये गं बाई. ये." आणि त्याने हात सोडला.

चौथ्या दिवशी वारा फिरला. हरबाजी पहाटेपासून कड्यावर बसून होता. एकेक विमान परतलं, आपापल्या घरी गेलं. ऊन वर आलं. अखेर ढगांतून ते राखाडी विमान गुणगुणत वर आलं आणि त्याच्या मांडीवर उतरलं.

काचेचं टोपण थोडं उघडं होतं. आत इवल्या हरबाजीच्या पसरलेल्या हातांत बाळाच्या झबल्याची एक चिंधी घडी घालून ठेवली होती आणि तिच्यात कागदाची बारीक सुरळी. हरबाजीने ती उलगडली. मैनाचं अक्षर होतं.

'पोर झोपली. मीही झोपले. तुमचे हात पाहिले. बाबा, येते.'

हरबाजी कड्याच्या टोकाशी गेला. पैलगावाच्या वाटेवर अजून कुणीच नव्हतं, नुसते ढग होते. यायला अजून चार दिवस तरी लागणार होते. तरी त्याने दोन्ही हात पुढे पसरले आणि जे तीन वर्षांपूर्वी म्हणायचं राहिलं होतं ते म्हटलं.

"ये."

आता तुम्ही विचारालच म्हणून तात्पर्य सांगून टाकते: माणसामाणसांत फट पडली तर ती वरून लिंपत बसू नये, आत आपलीच कोपरं अडत नाहीत ना, ते आधी बघावं.