हरायला शिकलेला हात

एका गावातल्या जिमखान्यात पूलचं एकच टेबल होतं आणि ते सांभाळायला केरबा नावाचा मार्कर होता. टेबल झाडायचं, गुण मांडायचे आणि कुणाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं, हे त्याचं काम. त्याचा हात असा बसलेला की चेंडू सांगेल त्या पॉकेटात जाई.

पण मार्करनं हरवलेलं साहेब मंडळींना कसं खपणार? म्हणून शेवटच्या काळ्या चेंडूला केरबा मनगट मुद्दाम किंचित झटकी. नेम चुके, साहेब जिंकत आणि वर केरबाचीच पाठ थोपटत. अशी अकरा वर्षं गेली.

मग शेजारच्या जिमखान्याशी सामना ठरला आणि आपल्या जिमखान्यातर्फे केरबाला उतरवलं. या वेळी केरबाला खरंच जिंकायचं होतं. काळा चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी होता, शेंबडं पोरही घालेल असा. केरबानं नेम धरला आणि मनगट आपोआप झटकलं. सामना गेला. अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "रविवारी माझ्याशी खेळ. काळा चेंडू घातलास तर राहशील, नाहीतर आम्ही दुसरा मार्कर बघतो."

केरबानं काठी बदलली, हाताला तेल चोळलं, मनगटाला काळा दोरा बांधला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, गुण कसा येणार? शेवटी तो हातालाच शिव्या देऊ लागला, तेव्हा बायको सगुणा म्हणाली, "त्याला कशाला बोल लावताय? अकरा वर्षं तुम्हीच त्याला हरायला शिकवलंय की."

केरबाला स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून जिमखाना उघडण्याआधी तो फक्त शेवटचा चेंडू खेळू लागला. पहिल्या दिवशी दहांतले आठ टोले बिघडले, शनिवारी तीन. भीती उरलीच होती.

रविवारी सगळे सभासद जमले. डाव काळ्या चेंडूवर आला. दादासाहेब केरबाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "चारचौघांत माझं हसं करू नकोस. आत्ता चुकलास तरी तुझी नोकरी राहील, माझा शब्द."

चुकणं किती सोपं होतं! नुसतं हाताला मोकळं सोडायचं.

"साहेब," तो म्हणाला, "आज मुद्दाम हरलो तर हा हात परत माझा होणार नाही."

तो वाकला. हात थरथरत होता. केरबानं त्याला थरथरू दिलं, पण झटकू दिलं नाही. काळा चेंडू सावकाश गेला आणि पॉकेटात पडला.

दादासाहेबांचे कान लाल झाले. "मग इतकी वर्षं मी जिंकत होतो ते?"

"ते मी दिलं होतं, साहेब."

मग दादासाहेबांनी काठी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "उद्या सकाळी येतो. मला पहिल्यापासून शिकव."

तात्पर्य: आज जे मुद्दाम चुकवतो, ते उद्या आपोआप चुकतं; बिघडलेला हात सुधारायचा तर आधी मनानं खरं खेळावं.