अरुंद भुयार

लंडनच्या पार्लमेंटात जोसाया थ्रेलफॉल नावाचा म्हातारा सभासद होता. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ बेन कोळशाच्या खाणीत राबले होते. खाणीत मुलांना बंदी व्हावी, म्हणून त्याने उभी हयात वेचली.

कायद्यावर चर्चा चालली असताना खाणमालक सर पर्सिव्हल हसून म्हणाले, "भुयारं अरुंद असतात, मोठा माणूस मावत नाही. मुलं नकोत, तर आत जायचं कुणी?"

थ्रेलफॉल सावकाश उठला. "हेच माझ्या आईने तुमच्या वडिलांना विचारलं होतं, साहेब. बेन दरडीखाली जिवंत होता, ओरडत होता. आई म्हणाली, त्याला काढायला आत जायचं कुणी? तुमचे वडील म्हणाले, मोठा माणूस मावत नाही."

कायदा मंजूर झाला. सगळे अभिनंदनाला धावले, पण थ्रेलफॉलला हसू येईना. ही बातमी जिला सांगायची, ती केव्हाच गेली होती.