सलगमातला निखारा

फार फार पूर्वी, शेवटचं पान गळलं की हिवाळा दारात हजर, अशा एका मुलखात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात एक सून राहत होती. तिचं घर अगदी टोकाला, खिंडीतल्या वाऱ्याच्या तोंडावर.

सुगी संपली की गावात एक सण असे. लोक म्हणत, या संध्याकाळी मेलेली माणसं आपापली घरं बघायला येतात. म्हणून सगळे मुखवटे लावत. एखाद्याशी जुनं भांडण मिटायचं राहिलं असेल, तर त्याला आपण ओळखूच येऊ नये! मुखवटा लावून कोणी दारात आलं, तर नाव न विचारता त्याला खाऊ घालायचं. आणि घरोघरची चूल विझवून टेकडीवरच्या मोठ्या जाळातून नवा विस्तव आणायचा. दुसऱ्या कशाने पेटवलेली चूल वर्षभर लाभत नाही, अशी समजूत होती.

सुनेची सासू त्याच उन्हाळ्यात वारली होती. बाई तोंडाने फटकळ, आणि सूनही काही मुकी नव्हती. भांड्याला भांडं लागायचंच, ते कुठल्या मुलखात चुकलंय? पण जायच्या दिवशी सासू अंथरुणातून म्हणाली होती, "माझ्यावाचून तुझी चूल पेटायची नाही गं!"

"बघू की!" म्हणत सून फणकाऱ्याने दूध काढायला निघून गेली. परत आली तोवर सासूची वाचा बसली होती.

तेव्हापासून तो शाप सुनेच्या मनात घर करून बसला. या घरातला तिचा हा पहिलाच सण; तो जवळ आला तशी तिची झोपच उडाली. नवरा मेंढरं घेऊन अजून वाटेत, आणि पाळण्यात तान्हं लेकरू. खरंच चूल पेटली नाही तर?

मग तिने शक्कल काढली. चूल विझवायचीच नाही! विझवलीच नाही, तर पेटवायचा प्रश्न येतोच कुठे? पण सगळ्या गावाची धुराडी थंड असताना आपल्याच घरातून धूर निघाला, तर लोक नावं ठेवतील. म्हणून तिने धुराड्यात ओलं पोतं कोंबलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! कोंडलेल्या धुराने लेकरू खोकू लागलं. घाबरून तिने पोतं ओढलं, ते बदकन चुलीतच पडलं आणि होता तो विस्तवही गेला.

आता टेकडी गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लेकराला पाठीशी बांधून, मुखवटा चढवून ती गेली आणि जळतं लाकूड घेऊन निघाली. खिंडीत वाऱ्याने ते विझवलं. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिन्हीसांज झाली. लेकराचे हातपाय गार पडू लागले. घरी येऊन त्याला गोधडीत गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि ती मटकन खाली बसली.

"आत्याबाई, तुमचंच खरं झालं हो," ती रडत म्हणाली.

इतक्यात दारावर काठी वाजली.

सुनेने फटीतून पाहिलं. बाहेर कंबरेत वाकलेली एक आकृती, तोंडावर गवताचा मुखवटा, आणि खांद्यावर सासूची तपकिरी शाल! हातात एक मुंडकं लोंबत होतं. त्याचे डोळे आणि तोंड आतून लाल चमकत होते.

दार उघडावं, तर सासू जाब विचारणार. न उघडावं, तर सणाच्या दिवशी आलेली सासू दारातून उपाशी परत जाणार. तिने पाळण्याकडे पाहिलं. मग स्वतःचा मुखवटा काढून कोनाड्यात ठेवला आणि दार सताड उघडलं.

"आत्याबाई, मीच आहे. तुमच्याशी शेवटचं धड बोलले नाही, चुकलंच माझं. मला काय शिक्षा करायची ती करा, पण लेकराला ऊब द्या. आणि आधी भाकर खाऊन घ्या."

"खाईन की! पण आत तरी घेशील? गुडघे धरलेत माझे!" मुखवट्यामागून आवाज आला. मुखवटा उतरला, तर आत शेजारची म्हातारी!

सुनेच्या जिवात जीव आला. हसावं की रडावं, तिला कळेना.

"अगं, तू दूध काढायला गेलीस तेव्हा मी तुझ्या सासूच्या उशाशी होते," म्हातारी म्हणाली. "ही शाल तिनेच दिली मला. म्हणाली, 'खिंडीच्या वाऱ्यातून विस्तव कसा आणायचा, ते पोरीला दाखवायचं राहूनच गेलं. तेच सांगायला गेले, तर ती फणफणत निघून गेली. सणाला तू जा गं, नाहीतर माझं नातवंड गारठेल.' एवढं बोलली आणि तिची वाचा गेली."

सून तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. ज्याला ती शाप समजत होती, ती काळजी होती.

म्हातारीने ते मुंडकं चुलीशी ठेवलं. तो होता भलामोठा सलगम, त्या मुलखात पिकणारा मुळ्याच्या जातीचा गोल कंद. आतून पोखरलेला, आणि पोटात एक रसरशीत निखारा.

"आणि हे डोळे, हे तोंड कशाला?" सुनेने विचारलं.

"निखाऱ्याला श्वास नको? भोकं नसली तर तो गुदमरून विझतो. मग भोकं पाडायचीच, तर तुझी सासू म्हणायची, जरा गमतीची पाडू!"

चूल पेटली. लेकराच्या गालांवर रंग आला. दोघी चुलीपुढे बसून भाकर जेवल्या, आणि कित्येक महिन्यांनी सुनेला घास गोड लागला.

पुढच्या वर्षापासून गावातल्या प्रत्येक घरी सलगम पोखरले जाऊ लागले. परके लोक ते पाहून भुतं समजून पळत, आणि गावातली पोरं खो-खो हसत. सुनेने मात्र सणाला पुन्हा कधी मुखवटा लावला नाही. ती दाराशी सलगम ठेवी, एक पान जास्तीचं वाढी आणि दार उघडं टाकून बसे. सासूबाई आल्याच, तर त्यांना आपण लगेच ओळखू यावं म्हणून.

तात्पर्य: फटकळ बोलण्यामागे पुष्कळदा काळजीच असते. पाठ फिरवण्याआधी "म्हणजे काय?" एवढं तरी विचारावं.