दिवस थांबवणारी ठकू

सातपुड्याच्या पायथ्याला तोरणखेड नावाचं गाव आहे. तिथं अजून डांबरी रस्ता आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली.

त्या गावात ठकू नावाची कुंभाराची मुलगी होती. तिच्याइतकं भरभर बोलणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. ती बोलू लागली की झाडावरचे राघूसुद्धा गप्प बसून ऐकत, असं म्हणतात. शाळा तेव्हा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. शिकवायला दाजीगुरुजी होते. माणूस मायाळू, पण जरा घाबरट.

त्याच शाळेत पिराजी होता, सगुणाबाईचा एकुलता एक मुलगा. वडील लहानपणीच गेलेले. त्याला सगळं येत होतं, पण बोलताना पहिलं अक्षर ओठांवर अडायचं आणि शब्द लवकर बाहेर पडायचा नाही. मग मुलंच त्याचा शब्द पुरा करून टाकत. त्यानं 'पा... पा...' म्हटलं की कुणीतरी पाटी त्याच्या हातात देई, आणि तो मान हलवून पाटी घेई. सगळ्यांत आधी पाटी पुढे करणारी ठकूच असायची. आपण त्याला मदत करतो, असंच तिला वाटे.

एकदा ऐन उन्हाळ्यात तिनं अशीच पाटी दिली. शाळा सुटल्यावर बघते तर पिराजी नदीच्या डोहाशी पालथा पडून घटाघटा पाणी पीत होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्याला पाणी हवं होतं. दिवसभर तो तहानलेला, मांडीवर दुसऱ्याची पाटी घेऊन बसला होता.

ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मग सांगितलं का नाहीस?" आणि जन्मात पहिल्यांदा ती गप्प राहिली. ते तिला फार जड गेलं. बोलू नये म्हणून तिनं आपली वेणी दातांत धरून ठेवली, असं म्हणतात.

बऱ्याच वेळानं पिराजी म्हणाला, "को... कोणी घाई केली की शब्द मा... मागं जातो. मग जे मिळेल ते मी घेतो."

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. पिराजी मोठा मिश्कील निघाला. गावातल्या प्रत्येकाच्या चालण्याची नक्कल तो करायचा आणि ठकू हसून हसून लोळायची. इतके दिवस हा आपल्या शेजारी बसत होता आणि आपल्याला तो ठाऊकच नव्हता, याचं तिला नवल वाटे.

मग एक दिवस निरोप आला की शाळा तपासायला साहेब येणार. त्यांना तेव्हा दिपोटी म्हणत. त्यांना शाळा पसंत पडली नाही तर ती बंद होणार होती. दाजीगुरुजी सगुणाबाईकडे गेले आणि त्या दिवशी पिराजीला घरीच ठेवा म्हणाले. सगुणाबाईनं हो म्हटलं. पण पोराची शाळेला लाज वाटते, हे तिला लागलं. त्याला कायमचाच मामाच्या गावी मेंढरांमागे धाडायचं तिनं ठरवलं.

ठकूला हे कळलं तेव्हा दिपोटी येऊन बसलेही होते. ती तशीच धावत गेली आणि पिराजीला हाताला धरून घेऊन आली. आपल्या शेजारी बसवलं.

दिपोटी एकेका मुलाला नाव विचारत होते. पिराजीची पाळी आली तेव्हा दिवस कलला होता. तो उभा राहिला. "पि... पि..." मुलांची तोंडं उघडली. गुरुजीही घाईनं सांगायला पुढे सरले. तेवढ्यात ठकूनं आपला तळवा वर केला.

ती म्हणाली, "गुरुजी, नाव त्याचं आहे. त्यालाच सांगू द्या."

सगळे थांबले. आणि ते थांबले तसं बाकीचंही थांबलं, असं म्हणतात. डोंगरावर टेकलेला सूर्य तिथंच टेकून राहिला. घरी परतणाऱ्या गाई वेशीत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खुरांची धूळ हवेत तशीच तरंगत राहिली. पिंपळाचं एक पान गळता गळता मध्येच थबकलं. विहिरीवरच्या बायांनी पोहरा अर्ध्यावर धरून ठेवला. कुणाला घाई नव्हती.

"पिराजी सखाराम," पिराजी म्हणाला.

पान जमिनीवर पडलं. दिपोटींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याला पुढचा प्रश्न विचारला. या वेळी ते स्वतःच थांबले. शाळा राहिली. दिवे लागल्यावर दाजीगुरुजी आपण होऊन सगुणाबाईच्या दारात गेले. "माझं चुकलं, बाई," म्हणाले. "पोराला उद्या धाडा." पिराजी मामाकडे गेला नाही.

पुढे ठकू त्याच शाळेत बाई झाली. तोरणखेडची शाळा थांबते, हे लांबवर पसरलं. जिला दिसत नव्हतं अशी मुलगी आली, तेव्हा फळ्यावरचं अक्षरन् अक्षर मुलं मोठ्यानं वाचू लागली. पायांनी अधू असलेला मुलगा आला, तेव्हा पोरांनी बसून खेळायच्या आट्यापाट्या काढल्या. त्या इतक्या रंगत की धडधाकट माणसंही संध्याकाळी बसून खेळत.

ठकूबाई खूप म्हातारी झाली. शेवटच्या दिवशी एक अडखळणारी पोर तिला काहीतरी सांगत होती, तेव्हा मरण दारात येऊन उभं राहिलं. बाईनं त्याला तळव्यानंच थांबायला सांगितलं. पोरीचं बोलणं संपेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर थांबलं, असं म्हणतात.

आजही शाळेच्या पहिल्या दिवशी अख्खं तोरणखेड मुलांना पोचवायला निघतं. सगळ्यांत सावकाश जाणारं मूल सगळ्यांत पुढे असतं, आणि त्याला कुणी ओलांडत नाही. याला ठकूबाईची चाल म्हणतात. गेल्या वर्षी पुढे चाकांच्या खुर्चीत बसलेली मंजुळा होती. आपल्या हातांनी चाकं फिरवत ती निघाली, आणि रस्त्याकडेच्या बांधावर मुंग्यांची रांग दिसली तशी मध्येच थांबली. तिच्या मागे गाव थांबलं. गावामागे एसटी थांबली. ड्रायव्हर नवा होता. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मंजुळाशेजारी उकिडवा बसून तोही मुंग्या बघू लागला.