दोन्ही बाजू

"मग मी चुकलो कुठे, तेवढं सांगा ना, बाई!"

सुदर्शन जुमडे मठाच्या ओसरीवर बसला होता. चपला त्याने पायरीवर काढल्या नव्हत्या, फेकल्या होत्या. दंडवत प्रणाम म्हणायचंही राहून गेलं होतं.

कौतिकबाई तूर निवडत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. पन्नास वर्षांपूर्वी संन्यास घेऊन या मठात आल्या, त्या इथेच राहिल्या. सुदर्शनला त्यांनी आईच्या कडेवर पाहिलं होतं.

"आधी ताक घे," त्या म्हणाल्या.

त्याने गटागटा पेला रिकामा केला. बाईंनी पुन्हा भरला.

"आता बोल."

सुदर्शन बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात एचआर अधिकारी होता. गेले आठ महिने तो नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकत होता. विषय, संघर्ष व्यवस्थापन. कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून व्याख्यानं ऐकायची, रविवारी गृहपाठ लिहायचा. परीक्षा होती म्हणून सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला गेला नाही.

"शहाण्णव टक्के मिळाले, बाई. आमच्या तुकडीत मी पहिला."

त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर प्रमाणपत्र होतं, सोनेरी काठाचं. बाईंनी ते नीट पाहिलं.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या.

सुदर्शनने मोबाइल खिशात घातला.

"आमच्याकडे पॅकिंगला एकतीस बायका आहेत. त्यांचा सुपरवायझर टापरे. त्यानं बायकांच्या संडासाला कुलूप लावलं. किल्ली स्वतःकडे. जेवणाच्या सुट्टीतच मिळणार, म्हणाला. एरवी नाही."

"का?"

"बायका आत जाऊन वेळ काढतात, असं त्याचं म्हणणं."

"तो आत जाऊन बघतो?"

सुदर्शनने भरलेला पेला संपवला. मग पुढे बोलू लागला.

बायका भडकल्या. लंकाबाई सोनुने त्यांच्यात पुढे होती. ती टापरेला सगळ्यांदेखत नको ते बोलली. टापरेने लेखी तक्रार केली. प्रकरण सुदर्शनकडे आलं.

"आणि मी, बाई, एकही पायरी चुकवली नाही! तीन बैठका घेतल्या. दोघांना समोरासमोर बसवलं. दोघांनाही सारखा वेळ दिला. मध्ये तोंड घातलं नाही. आवाज चढवला नाही. टापरेचं ऐकलं, लंकाबाईचं ऐकलं. दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. मग मधली वाट काढली."

"कोणती?"

"किल्ली पाळीत दोनदा मिळेल. दर वेळी सात मिनिटं. टापरे जरा मागे सरला, बायका जरा मागे सरल्या. दोघांच्या सह्या घेतल्या. माझ्या सरांनी तो अहवाल सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. उत्कृष्ट म्हणाले!"

बाईंनी पेला भरला. सुदर्शन बोलता बोलता प्यायला.

"आणि परवा तो कागद मी फलकावर लावला. लंकाबाई आली. उभ्या उभ्या फाडला. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर मला काय म्हणाली, ठाऊक आहे?"

"काय म्हणाली?"

त्याने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणाली... सायेब, मला मुतायला अर्धं लागतं का?"

बाईंचा हात ताटात थांबला.

"हे काय बोलणं झालं?" सुदर्शन उसळला. "माणसानं इतकं ऐकून घ्यायचं, इतकं समजून घ्यायचं, आणि वर हे? सह्या केल्यात ना? मग? आता एकतीसच्या एकतीस बायका दोन दिवस गेटबाहेर उन्हात बसल्यात. साहेब मला म्हणतात, तुम्ही शिकलात ना, मग मिटवा शुक्रवारपर्यंत. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

"म्हणून इकडे आलास."

"निम्म्या बायका तुमच्या याच गावच्या आहेत. तुमचा शब्द मोडणार नाहीत. एकदा सांगा त्यांना. दोनदा तर मिळतेय किल्ली! थोडं त्यांनीही समजून घ्यायला नको?"

बाईंनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

तो वाट पाहत राहिला. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं.

थोड्या वेळाने त्याने मांडी मोडली. पुन्हा घातली. मग उठला.

"बाई, जरा... मागे जाऊन येतो."

मठाच्या मागे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी संडास होता. गावातली जनावरं शिरत म्हणून त्याला कुलूप असे. किल्ली ओसरीच्या खांबावर, खिळ्याला.

बाई उठल्या. सावकाश खांबापाशी गेल्या. किल्ली काढली आणि मुठीत धरून पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या.

"बाई, मला..."

"ऐकलं मी. तुझी भावना मला कळते. तू म्हणतोस, आत्ता. मी म्हणते, दिवस मावळल्यावर. आत्ता बारा वाजलेत. आपण असं करू, तू तीन वाजता जा."

सुदर्शन हसला.

बाई हसल्या नाहीत.

"थट्टा पुरे, बाई. खरंच जायचंय."

"माझंही म्हणणं आहे ना काही. लोक आत बसून वेळ काढतात."

"मी कशाला वेळ काढू?"

"ते तू म्हणतोस."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मागे मोकळं रान होतं, पण रानात मठातल्या दोघी साध्वी शेण्या थापत होत्या. तो बसला. गुडघे जवळ घेतले. पुन्हा उठला.

बाईंनी डाव्या हाताने तूर निवडायला घेतली. उजवी मूठ मिटलेली.

"बरं, दोन वाजता," त्या म्हणाल्या. "बघ, मी तासभर मागे आले. आता तूही ये थोडा."

"बाई!"

"आवाज चढवू नकोस. पायरी चुकेल."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. रागाने की कशाने, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"यात कसली आलीय बाजू!" तो ओरडला. "माझं अंग आहे! मला जायचंय! यात तुम्ही कोण मधली वाट काढणाऱ्या?"

शेण्या थापणाऱ्या दोघींनी वळून पाहिलं. त्या मठात असं कुणी ओरडत नसे.



बाईंनी मूठ उघडली.

तो किल्ली घेऊन धावला.

परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलं होतं. किल्ली त्याने स्वतः खिळ्याला अडकवली. मग खांबाला टेकून उभा राहिला.

"त्या पाळीत आठ तास असतात," तो म्हणाला.

"हं."

"लंकाबाईच्या सुनेला सातवा महिना आहे. तीही तिथेच कामाला आहे."

"तुझ्या कागदात होतं ते?"

"नाही... त्याला रकाना नव्हता."

बाई तूर पाखडू लागल्या. टरफलं वाऱ्यावर उडाली.

"मग मी आठ महिने शिकलो ते सगळं खोटं?"

"खोटं कशाला? चांगलं आहे. भांडण असेल तिथे वापर."

सुदर्शनने चपला शोधल्या. एक पायरीखाली गेली होती. ती काढली, दंडवत प्रणाम म्हणाला आणि गेला.

त्याच दुपारी त्याने कारखान्यातल्या फिटरला बोलावलं. कुलूप काढायला सांगितलं, मग कोयंडाही काढायला सांगितला. टापरे दारात आडवा उभा राहिला. कुणाला विचारून, म्हणाला. सुदर्शनने त्याला हाताने बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कारखान्यात कुणाला हात लावला.

मग तो गेटवर गेला आणि बायकांना एवढंच म्हणाला, "दाराला आता फक्त आतून कडी आहे."

चौथ्या दिवशी तो पुन्हा मठात आला. चपला पायरीवर नीट काढल्या, पण चेहरा पहिल्यापेक्षा लाल होता.

"मेमो मिळाला मला! शिस्तभंगाचा! विचारल्याशिवाय निर्णय घेतला म्हणून. पुढच्या महिन्यापासून गोदामावर बदली. आणि टापरे तिथेच आहे, त्याच खुर्चीवर!"

"दार?"

"दार उघडंच आहे. ते आता लावायची कुणाची छाती नाही. एकतीस जणी कामावर आल्यात."

"मग?"

"मग काय, बाई?" त्याचा आवाज चिरकला. "मी नोकरी पणाला लावली त्यांच्यासाठी. त्या आत आल्या तेव्हा मी दारापाशीच उभा होतो. लंकाबाई आली, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि कामाला लागली. एक शब्द नाही! एकतीस जणींतल्या एकीनंही आभार मानले नाहीत!"

कौतिकबाईंनी ताकाचा पेला त्याच्यासमोर ठेवला.

"कशाचे?"