बसलेल्या राज्यातला हैबती

एका राज्यात बसायला फार चांगल्या जागा होत्या. ओटे होते, पार होते, झोपाळे होते, आणि राजाचं सिंहासन तर होतंच. तरीही जडनाथ नावाच्या मांत्रिकाने राजाला एक जरीची गादी नजर केली. राजा तिच्यावर टेकला मात्र, साऱ्या राज्याचे गुडघे वाकले. प्रधान बसला, पाणक्या बसला, हत्ती बसला. जो बसला तो दगड झाला. मांत्रिक हसून हसून दमला आणि दम खायला दरबाराच्या पायरीवर टेकला. तोही दगड झाला.

वाचला एकटा हैबती, राजाचा मल्ल. तेव्हा तो तालमीत बैठका मारत होता, आणि एकविसाव्या बैठकेत नेमका अर्धा खाली होता. हा बसला म्हणावा की उभा, हे शापाला कळेना. तो त्याला सोडून पुढे गेला.

खरं सांगायचं तर हैबती आता नावालाच मल्ल उरला होता. दरबारचा मानपान, खिरीच्या वाट्या, सुटलेलं पोट. बैठका मारायचा त्याही बायकोच्या धाकाने. भिवरा बाहेरच्या ओट्यापाशी ताकाचा लोटा घेऊन उभी राही आणि मोठ्याने मोजी. त्या दिवशी "एकवीस" म्हणता म्हणता ती ओट्यावर बसली, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हैबतीने तिला हाका मारल्या, मग गावभर हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी परमुलखातून एक साळुंकी आली. ती फांदीवर न टेकता, घिरट्या घालतच बोलली.

"मल्ला, कामं तीन. कड्याच्या नऊशे पायऱ्या चढ. वरच्या कुंडाचं पाणी घागर भरून आण. ते गादीवर ओतलंस की तिची पकड ढिली होईल, मग राजाला तिच्यावरून उचल. मधे कुठेही टेकलास, तर तूही दगड."

"आणि तू? राहशील ना सोबतीला?"

"मला टेकायला जागा नाही," साळुंकी म्हणाली आणि निघून गेली.

हैबती त्याच पावली कड्याकडे गेला. साठाव्या पायरीवर मांड्या लटपटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि समोरची पायरी त्याला राजाच्या गादीहून मऊ दिसू लागली. जीव मुठीत धरून तो खाली आला.

मग तो दरबारात जाऊन बैठका मारू लागला, सगळे बघताहेत असं समजून. नवव्या दिवशी त्याला उमगलं की दगड शाबासकी देत नाहीत. मग त्याने स्वतःला भीती घातली. पंधरवड्यात भीतीही शिळी झाली. दगड होण्यात वाईट ते काय, असंच त्याला वाटू लागलं. शेवटी तो भिवरेसमोर आला. निदान हिच्यासाठी करू, म्हणाला. पण तिचं उघडं तोंड पाहिलं की त्याला रडू फुटे, आणि रडणाऱ्या माणसाच्या बैठका होत नाहीत. तो आत जाऊन मातीत आडवा होई. आडवं व्हायला शापाची ना नव्हती. फार एकटा पडला होता बिचारा.

एका सकाळी कूस बदलताना तालमीची माती त्याच्या गालाला टोचली. पाहतो तो लाल माती वाळून तिची ढेकळं झालेली. माती अशी टाकायची नाही, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने फावडं घेतलं, माती खणली, तेल-हळद घालून तुडवली. मग आखडलेले पाय मोकळे करायला म्हणून एक बैठक मारली.

गुडघा कट्‌कन वाजला. हैबती दचकला. कित्येक दिवसांत त्या राज्यात त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. त्याने दुसरी मारली, तर छातीत धडधडलं. तिसरीला श्वास भात्यासारखा बोलू लागला.

"अरे, तू आहेस होय!" तो आपल्याच देहाला म्हणाला. चाळीस वर्षं ज्याला लोकांच्या सांगण्यावरून राबवलं, तोच तेवढा त्याच्याजवळ उरला होता.

त्या दिवसापासून तो रोज उठे तो या सोबत्याला भेटायला. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून मोजणंही सुटलं. एकटेपणा काही गेला नाही. संध्याकाळ झाली की तो दाराशी हजर असे. पण सकाळ हैबतीची झाली. साठ पायऱ्यांच्या दोनशे झाल्या, दोनशेंच्या सहाशे. हे आकडे माझे, त्याला त्यांचा पत्ताही नव्हता.

पाऊस येऊन गेला, थंडी सरली. एका उन्हाच्या सकाळी तो न टेकता माथ्यावर पोचला, कुंडात घागर बुडवली आणि थेंबही न सांडता खाली उतरला. पाणी पडताच गादी फुसफुसली. हैबतीने दगडी राजाच्या कमरेला विळखा घातला. साऱ्या राज्याच्या बसण्याचं वजन त्या एका राजात होतं. हैबतीच्या मांड्या थरथरल्या, पण आता त्या त्याला ओळखत होत्या. राजा वीतभर वर आला.

तेवढं पुरलं. प्रधान उठला, पाणक्या उठला, हत्ती उठला. मांत्रिक उठून पळत सुटला, पण पाय आखडलेले. शिपायांनी त्याला वेशीच्या आतच धरला. गादी चौकात जाळली.

"मल्ला, अर्धं राज्य माग," राजा म्हणाला.

"महाराज, घरी जायची आज्ञा द्यावी," हैबती म्हणाला, आणि आज्ञा मिळायच्या आत धावत सुटला.

भिवरा ओट्यावरून उठत होती. "बावीस," ती म्हणाली आणि थबकली. तालमीत कुणीच नव्हतं. नवरा समोर उभा होता, पोट उतरलेला, दाढी छातीपर्यंत आलेली.

"अगं बाई! अहो, एवढ्यात मारल्या तरी किती?"

"मोजल्या नाहीत गं."

त्याने तिच्या हातातून लोटा घेतला. ताक अजून थंडच होतं. मग कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच तो खाली बसला, तिच्या शेजारी, त्याच ओट्यावर, आणि ताक पिता पिता पोटभर रडला.